ओ द्यायला लागणारा श्वास

मुलीने आईची बॅग भरायला घेतली तेव्हा मी दारात उभा होतो, आणि नेहमीप्रमाणे मला काही बोलता आलं नाही.

तिचंही चुकत नव्हतं. आदल्याच दिवशी तिने स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलं होतं. तिच्या आईला पलंगावरून उठवून खुर्चीत बसवताना माझ्या डोळ्यांपुढे अंधारी आली आणि आम्ही दोघंही पलंगावर कोसळलो. लागलं कोणालाच नाही. हिला तर हसू फुटलं. "बऱ्याच वर्षांनी," असं काहीतरी ती म्हणायला गेली, पण लेकीचा चेहरा बघून गप्प बसली.

हिच्या मांडीचं हाड मोडलं होतं, स्वयंपाकघरातल्या स्टुलावरून पडून. ऑपरेशन झालं, हाड जुळलं, पण पडून राहून पायांतली ताकद गेली. डॉक्टर म्हणाले, रोज उठवा, बसवा, उभं करा, हळूहळू चालायला लागतील. उठवायचं कोणी, एवढाच प्रश्न होता. घरात मी एकटा. वयाने हिच्याहून मोठा आणि अंगाने हिच्याहून बारीक.

"तिथे दिवसभराची बाई मिळते," मुलगी कपड्यांच्या घड्या करत म्हणाली. "पण बाबा, आमच्याकडे जादा खोली एकच आहे. त्यात आई आणि बाई. तुम्ही रविवारी येत जा. यांना सांगते मी, घ्यायला येतील तुम्हाला."

"यांना" म्हणजे जावयांना. मी मान हलवली. माझी मान नको तेव्हा फार लवकर हलते.

"माझी घडी घालायची राहिलीय, तीही घाल," ही पलंगावरून म्हणाली. "अगं, ह्यांना एकटं ठेवलंस तर हे चहात बिस्किट बुडवायच्या ऐवजी पुस्तकं चिकटवायच्या खळीत बुडवून खातील. पुस्तक हातात असलं की ह्यांना काय समजतं?"

"आई, चेष्टा नको. परत पडलीस तर परत ऑपरेशन."

"मग पडणार नाही. महिनाभर दे मला. ह्यांना शिकू दे."

मुलीने हातातली घडी बॅगेत ठेवली. मग म्हणाली, "ठीक आहे. महिनाभर सकाळ-संध्याकाळ मदतीला बाई येईल. महिन्याने मी येईन, आणि बाबांनी माझ्यासमोर तुला उठवून खुर्चीत बसवून दाखवायचं. कोणाच्याही मदतीशिवाय. नाहीतर बॅग भरलेलीच आहे."

बॅग तशीच बंद करून तिने कपाटाला टेकवून ठेवली. महिनाभर ती तिथेच होती. कपाट उघडताना दर वेळी ती पायाने सरकवावी लागे.

*

डॉक्टरांनी पाठवलेल्या फिजिओबाई आल्या त्याच दिवशी हिने त्यांचं नाव पहिलवान ठेवलं, आणि त्यांनाही ते आवडलेलं दिसलं. रुंद खांदे, आखूड केस, आणि पाय असा टाकायच्या की जमीन त्यांच्या जुन्या ओळखीची असावी. तरुणपणी त्या वजन उचलण्याच्या स्पर्धांत उतरायच्या. आता लोकांना खुर्चीतून उठायला शिकवायच्या. दोन्ही कामं मुळात एकच आहेत, असं त्यांचं म्हणणं होतं.

आठवड्यातले काही दिवस त्या आमच्या घरी येऊन हिच्याकडून व्यायाम करून घेत. बाकीच्या दिवशी मी औषधांच्या दुकानामागच्या त्यांच्या खोलीवर जात असे. तिथे रबरी चटई होती, भिंतीला कठडा होता आणि एक भलामोठा आरसा होता. गुडघा बदललेले एक गृहस्थ कोपऱ्यात सायकल मारत असत. आरशाला आणि त्या गृहस्थांना, दोघांनाही पाठ करून कसं उभं राहता येईल, याचा मी बराच विचार केला. जमत नव्हतं.

"वजन उचलायचं पायांनी आणि कमरेच्या सांध्यांनी," त्या सांगत. "पाठीने नुसती सोबत करायची. दोन्ही हातांत सामान असलं की मागचं दार कशाने ढकलता?"

उत्तर म्हणून त्यांनीच ज्या अवयवाचं नाव घेतलं तो शब्द मी आजवर चारचौघांत उच्चारलेला नाही, पण कृती लगेच समजली. वाळूने भरलेल्या पिशवीला दोन कड्या होत्या. एक पाय पुढे, एक मागे, कमरेतून वाकायचं, पिशवी अंगालगत घ्यायची आणि उठायचं. पिशवी अंगापासून जितकी लांब, तितकी ती जड, हे माझं मलाच पहिल्या दिवशी पटलं.

माझा धंदा पुस्तकबांधणीचा. बांधायला आलेलं पुस्तक वाचल्याशिवाय मी सहसा परत देत नाही, त्यामुळे काहीही शिकायचं म्हटलं की मला आधी पुस्तक लागतं. वाचनालयातून शरीराच्या रचनेवरचा एक जाडजूड ग्रंथ आणला. शिवण ढिली होती, पण मजकूर चांगला होता. त्यातून कळलं की फुप्फुसांखाली उघडलेल्या छत्रीसारखा एक स्नायू असतो. श्वास घेतला की ही छत्री खाली दबते, पोट आणि बरगड्या सगळ्या बाजूंनी फुगतात, आणि कमरेला आतून एक पट्टा बांधल्यासारखा आधार मिळतो. वजन उचलताना तो श्वास तोंडावाटे सावकाश सोडत राहायचा, म्हणजे आधारही राहतो आणि डोक्यात ताणही चढत नाही. मी ते हिला वाचून दाखवलं.

"म्हणजे माझ्या पोटात छत्री आहे," ही म्हणाली. "आणि ती इतकी वर्षं बंदच ठेवलीय वाटतं मी."

मला सगळं पाठ होतं. पण पिशवी अर्ध्यावर आली की कानांत घूं असा आवाज सुरू होई आणि कडेकडेने काळोख आत येई.

"काका, श्वास कुठे ठेवलात?" पहिलवानबाई माझ्या बरगड्यांवर हात ठेवून विचारत.

"घेतोय की."

"आत्ता घेताय. उचलताना नव्हता."

मला खरंच कळत नव्हतं. उचलण्याआधी स्वतःला बजावत असे: खाली जाताना आत, उठताना बाहेर. ऐन वेळी मात्र आतून कोणीतरी दाराला कडी लावून घेई. कोपऱ्यातले गृहस्थ सायकल थांबवून बघू लागले की कडी आणखी घट्ट बसे. घरी येताना मनात हिशेब चालू होई की जावयांना त्रास न देता रविवारच्या कोणत्या गाडीने मुलीकडे जाता येईल.

*

उलगडा झाला तो घरी, आणि मी काही न करता झाला.

त्या दिवशी पहिलवानबाई थोड्या लवकर आल्या. मी माझ्या कामाच्या खोलीत होतो. ती हिच्या खोलीला लागूनच आहे आणि मधलं दार उघडं असतं. एका जुन्या कोशाच्या नव्या चामडी पाठीवर नाव उठवायचं होतं. त्यासाठी चामड्यावर अंड्याचा पांढरा बलक लावतात, वाळला की त्यावर सोन्याचा वर्ख ठेवतात आणि तापवलेली पितळी अक्षरं दाबतात. वर्ख इतका पातळ असतो की नुसत्या नाकातल्या वाऱ्यानेही उडून जातो, म्हणून पंखा बंद आणि खिडक्या बंद.

बाई मला काहीतरी म्हणाल्या असाव्यात. मी ऐकलं नाही.

"आता हाक मारू नका," ही कुजबुजली. "सोनं चाललंय."

"म्हणजे?"

"म्हणजे आता ह्यांचा श्वास बंद. अक्षर बसलं की सोडतील. लेक लहान होती तेव्हा तिलाही सवय लागलेली. बाबा सोनं लावायला लागले की पळत जाऊन पंखा बंद करायची आणि गाल फुगवून उभी राहायची. शिंक आली तर बाहेर पळायची बिचारी. आणि मी आतून 'अहो' म्हणून हाका मारतेय, मारतेय, हे काही ओ देत नाहीत. पहिली दोन-तीन वर्षं वाटायचं, माणूस शिष्ट आहे. मग कळलं, ओ द्यायला श्वास लागतो, आणि तो ह्यांनी धरून ठेवलेला असतो."

शेवटचं अक्षर दाबून मी मागे वळलो तर बाई दारात उभ्या. माझा सगळा श्वास एकदम बाहेर पडला, आणि त्यांनी तो नीट बघितला.

"काका, हे किती वर्षं चाललंय?"

"लग्नाच्या आधीपासून."

त्या खुर्ची ओढून बसल्या. "मी तुम्हाला उगाच बोलत होते. नाजूक काम आलं की तुमचं शरीर आपोआप श्वास धरतं. तुम्ही वाळूची पिशवीसुद्धा सोन्यासारखी उचलता."

"मग वाईट आहे का ते?" मी विचारलं.

"वर्खासाठी नाही. आणि सगळ्या वजनांसाठीही नाही. स्पर्धेत मीसुद्धा मोठ्या वजनाखाली क्षणभर श्वास धरायची, पाठ लोखंडासारखी होते. पण माझं वय तेव्हा वेगळं होतं. तुमची रक्तदाबाची गोळी चालू आहे. दाब एकदम चढतो, एकदम उतरतो, आणि तुम्ही काकूंना घेऊन पलंगावर."

"त्याला माझी हरकत नव्हती," ही म्हणाली.

बाईंनी त्यावर एकच उपाय सांगितला. उठताना बोलायचं. बोलणाऱ्या माणसाला श्वास धरता येत नाही.

"काय बोलू?"

"काहीही. भाजीवाल्याशी बोलता तसं."

"भाजीवाल्याशीही मीच बोलते," ही म्हणाली. "ह्यांना नुसतं 'उठताना बोला' म्हणून भागणार नाही, आधी मजकूर छापून द्या."

तसंच झालं. पिशवी उचलताना मी ज्या पुस्तकांवर नावं उठवली त्यांची शीर्षकं म्हणू लागलो. भूगर्भशास्त्राची मूलतत्त्वे. दीपगृहांचा सचित्र इतिहास. लांबलचक शीर्षकं जास्त उपयोगी पडत. कोपऱ्यातल्या गृहस्थांनी एकदा विचारलं, ते दीपगृहांचं कुठे मिळेल, आणि त्या दिवसापासून मला त्यांची तितकीशी लाज वाटेनाशी झाली. कानांतला आवाज गेला. काळोखही गेला. पिशवीत बाईंनी वाळू वाढवली, तरी मी उठलो.

*

पण पिशवी म्हणजे बायको नव्हे. महिना संपत आला तेव्हा बाई म्हणाल्या, आता खरं वजन घेऊ.

हिच्या कमरेला रुंद पट्टा बांधला, माझ्या हातांना धरायला. खुर्ची पलंगाला तिरपी लावली. हिचे पाय जमिनीवर, माझा एक पाय तिच्या दोन पायांमध्ये, माझे गुडघे तिच्या गुडघ्यांशी. सवयीने हिने हात माझ्या गळ्यात टाकले.

"गळ्यात हात नाही," बाई म्हणाल्या. "त्यांची मान जाईल. हात पलंगावर, खाली रेटा द्यायचा. आणि पुढे झुका, नाक गुडघ्यांच्या पुढे आलं पाहिजे."

"इतक्या वर्षांत पहिल्यांदा लोकांसमोर गळ्यात हात घालायला मिळत होता, तेही बंद," ही म्हणाली, पण हात काढले.

मी वाकलो, श्वास घेतला, "दीपगृहांचा सचित्र" म्हणत उठू लागलो. ही हललीच नाही. महिन्यापूर्वी कोसळलो त्या दिवशी उठवताना जेवढी जड लागली होती, त्याहून जड झाली होती. जणू लाकडी कपाट. "इतिहास" पर्यंत मी पोचलोच नाही. पुन्हा केलं, पुन्हा तेच. माझा श्वास बरोबर होता, पाय बरोबर होते. मी पट्टा सोडला आणि मनात म्हटलं, झालं. बॅगेकडे बघायचं नाही असं ठरवलं आणि तिच्याकडेच बघितलं.

बाई मात्र माझ्याकडे बघत नव्हत्या. त्या हिच्याकडे बघत होत्या.

"काकू, परत एकदा पुढे झुका. उठायचं नाही, नुसतं झुका." त्यांनी तिच्या बरगड्यांवर हात ठेवला. "तुम्ही का श्वास धरलाय?"

ही पट्ट्याची कड चाचपत राहिली. माझी बायको एखाद्या प्रश्नाला उत्तर देत नाही हे मी क्वचितच पाहिलं आहे.

"काकू?"

"हलकी होते ना मी," ती शेवटी म्हणाली. "श्वास धरला, अंग चोरलं, की जरा हलकी होईन. ह्यांना त्रास नको म्हणून."

बाई तिच्याशेजारी पलंगावर टेकल्या. त्या म्हणाल्या, "श्वास धरून माणूस हलका होत नाही काकू, ताठ होतो. आणि ताठ माणूस सगळ्यात जड. तुम्ही त्यांच्यासाठी हलक्या व्हायला जाता आणि दगड होता."

"तरी म्हटलं, मी एवढी कशी जड," ही म्हणाली, आणि डोळे पुसले. मला तिच्या पाठीवर हात ठेवावासा वाटला. हात गेले ते पट्ट्यापाशीच, म्हणून मी फक्त पट्टा जरा नीट केला.

आता दोघांनाही बोलणं भाग होतं. पण मी शीर्षक म्हणायला लागलो की ही मध्येच "हे पुस्तक त्या वकिलांचं ना" असं विचारे, माझा ठेका चुके, आणि ती वर येताना मी खाली असे. दोन माणसांनी एकाच क्षणी उठायचं म्हणजे एकाच क्षणी श्वास सोडायला हवा. बाईंनी आकडे म्हणून पाहिले. आकड्यांवर आम्ही दोघंही पुढच्याची वाट बघत श्वास धरून बसलो.

मग बाईंनी विचारलं, "काकू, तुम्ही ह्यांना रोज हाक कशी मारता?"

"अहो."

"जरा लांब मारा. माजघरातून मारता तशी."

"अहोऽऽ"

आणि मी उत्तर दिलं. ठरवून नाही, तोंडातून आपोआप निघालं. "ओऽऽ."

बाईंनी एक हात तिच्या बरगड्यांवर आणि एक माझ्या बरगड्यांवर ठेवला होता. त्या म्हणाल्या, "दोघांची छाती एकदम रिकामी झाली. हेच. आणखी काही शोधू नका. काकू हाक मारत पुढे झुकणार, तुम्ही ओ देत उठवणार."

पहिल्या खेपेला ही पलंगावरून सुटली आणि आम्ही दोघं उभे राहिलो. खुर्ची मागेच होती, पण क्षणभर कोणीच बसायचं नाव काढलं नाही. तिचं डोकं माझ्या खांद्याला लागत होतं. ती आता पूर्वीपेक्षा बुटकी झाली आहे, की मी इतक्या जवळून कधी बघितलं नव्हतं, हे मला ठरवता आलं नाही.

"बसवा आता," बाई म्हणाल्या. "बसवतानाही श्वास सोडत."

*

मुलगी आली ती जावयांची मोठी गाडी घेऊन, मागची सीट आडवी करून, त्यावर गादी घालून. खिडकीतून ती गादी बघितली आणि मी पडदा ओढून घेतला. पहिलवानबाईंना त्या दिवशी बोलवायचं नाही, असं ठरलंच होतं.

"बाबा, नाही जमलं तरी हरकत नाही," मुलगी म्हणाली. "म्हणजे तुमचा दोष नाही त्यात." ती हे फार मायेने म्हणाली, त्यामुळे जास्तच भीती वाटली.

मी खुर्ची तिरपी लावली. पट्टा बांधला. पाय ठेवला. हिच्याकडे बघितलं, तिने डोळ्यांनी 'हं' म्हटलं. मी वाकलो. आणि वरच्या पंख्याचा आवाज थांबला.

मान वळवून पाहिलं. मुलगी दाराशी, बटणावर हात ठेवून उभी होती. ओठ मिटलेले, खांदे वर चढलेले, गाल किंचित फुगलेले. पंखा आपण बंद केला हे तिच्या लक्षातही आलं नव्हतं. इतक्या वर्षांनी, केस पांढरे व्हायला लागल्यावर, ती शाळेतल्या वयात उभी असायची तशीच उभी होती.

माझ्या लक्षात आलं की माझाही श्वास थांबलेला आहे. हिचाही.

मी पट्टा सोडून सरळ झालो. "पंखा लाव, बाळ," मी म्हणालो.

"काय?"

"पंखा लाव. आणि श्वास घे. सोनं नाहीये हे."

"ऐकलंस?" ही लेकीला म्हणाली. "तोंडावर सांगतात."

मुलीने स्वतःच्या हाताकडे पाहिलं, मग पंख्याकडे, आणि तिला कळलं. तिने बटण दाबलं. पंखा फिरायला लागला, पडदा हलला, आणि ती हसली की रडायच्या बेतात होती ते मी बघत बसलो नाही. मी परत वाकलो.

"अहोऽऽ," ही म्हणाली आणि पुढे झुकली.

"ओऽऽ."

ती उठली. आम्ही पावलं वळवली, खुर्ची तिच्या पायांना मागून लागली, आणि उरलेल्या श्वासावर ती सावकाश खाली बसली. बसल्यावर तिने कपडे नीट केले, जसं काही ती बाजारातून परत आली आहे.

मुलगी दाराशीच पाठ टेकून उभी राहिली. मग म्हणाली, "परत एकदा."

आम्ही खुर्चीतून पलंगावर आलो आणि पलंगावरून पुन्हा खुर्चीत. या वेळी "ओ"बरोबर दाराकडूनही एक लांब श्वास सुटलेला मला ऐकू आला.

"मला पण शिकवा हे," मुलगी म्हणाली. "मी आले की मला करता यायला हवं. मी काय म्हणायचं? मी 'अहो' नाही म्हणू शकत."

"तू 'आई' म्हण," ही म्हणाली. "मी ओ देईन."

जेवणानंतर मुलीने कपाटापाशी बसून बॅग उघडली. आईचे कपडे एकेक करून पुन्हा जागेवर लावले, स्वेटर वरच्या कप्प्यात, चष्म्याचं घर उशाशी. रिकामी बॅग झटकून गाडीत नेऊन टाकली. जाताना माझ्या पाया पडायच्या ऐवजी तिने माझ्या बरगड्यांवर हात ठेवून बघितला, पहिलवानबाईंसारखा.

ती गेल्यावर मी कामाच्या खोलीत गेलो. दीपगृहांचा इतिहास पुन्हा बांधायला आला होता. सायकलवाल्या गृहस्थांनी कुठून तरी मिळवला होता, आणि त्याची पाठ पार गेली होती. नवी पाठ तयार होती. खिडकी लावली, पंखा बंद केला, वर्ख ब्रशवर उचलला आणि श्वास धरून चामड्यावर नेला.

"अहो," ही खुर्चीतून म्हणाली.

वर्ख चामड्याच्या अगदी वर होता. अजून क्षणभर थांबलं असतं तर बसला असता.

"ओ," मी म्हणालो.

वर्ख उडाला. खोलीभर तरंगत तो मधल्या दारातून तिच्याकडे गेला आणि तिच्या बाहीवर कुठेतरी चिकटला.

"काय झालं?" ती म्हणाली. "चहा टाकता का, एवढंच विचारत होते."

"टाकतो," मी म्हणालो, आणि दुसरा वर्ख नंतर काढायचं ठरवलं.